अकरा सेंटिमीटर मिरज

माझ्या सुनेच्या केसांत अकरा सेंटिमीटर मिरज होती, आणि ती नाही असं लिहायला मीच लावलं होतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला देव्हाऱ्यात बसवायला नको.

सन दोन हजार एक्केचाळीसमध्ये हर्षदाची आई अंथरुणाला खिळली. हर्षदा तिची एकुलती एक. "दोन महिन्यांत येते" म्हणून ती कॅनडातल्या रेजायनाहून मिरजेला गेली, ती अकरा महिने राहिली. इकडं तीन वर्षांची रेवा माझ्या कडेवर, मुलगा विश्वजित पोटॅशच्या खाणीवर पाळीनं, आणि बाहेर उणे पस्तीस. मी फोनवर हर्षदाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिला पाठ आहे, तेवढं पुरे. तिची आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी विचारलं होतं, "तिकीट काढलंस का?"

त्याच वर्षी कुणीतरी परदेशात बसून कॅनडाच्या विमानतळांचे संगणक झोपवले. कोण आलं, कोण गेलं, सगळ्या वर्षाच्या नोंदी पुसल्या गेल्या. सरकारनं सांगितलं, त्या वर्षापुरतं ज्यानं त्यानं स्वतःच लिहावं, किती दिवस देशात होता.

चव्वेचाळीसमध्ये आम्ही नागरिकत्वाचा अर्ज भरला. नियम तोवर कडक झाले होते. वर्षाला साठ दिवसांच्या वर बाहेर राहायचं नाही, आणि घरातला एक जरी कमी पडला तरी अख्ख्या घराचा अर्ज पाच वर्षं मागं. विश्वजित त्या रकान्यापाशी येऊन थांबला.

"आई, हर्षदाचे अकरा महिने काय करायचे?"

"कोण बसलंय मोजायला? लिही, इथंच होती."

हर्षदा कणीक मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "आत्ती, खोटं नको. पाच वर्षं थांबू की." आमच्या सांगलीकडं सुना सासूला आत्ती म्हणतात.

"मी सत्तरीला टेकले. पाच वर्षांनी शपथ काय माझा फोटो घेणार?"

तिनं कणकेचे हात धुतले आणि सही केली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

शपथेला मी इरकल नेसले होते. हौस म्हणून नव्हे. सात हिवाळे काढले होते मी त्या गावात. शेजारच्या डोरीनच्या पायऱ्यांवरचा बर्फ ती पडल्यापासून मीच काढत होते. आमच्या चौकात बसची वाट बघताना एक म्हातारा थंडीनं कोसळला, तेव्हा नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन तीन गुरुवार बसले मी. मोडकं इंग्रजी, पण आवाज मोडका नव्हता. चौथ्या गुरुवारी काचेचा, आत शेगडी असलेला थांबा मंजूर झाला. माणसं त्याला 'मालन्स स्टॉप' म्हणतात. मी मालन जमदाडे, तासगावची, चौथी शिकलेली. नागरिकत्वाचा तो कागद मला कुणी भीक म्हणून घातला नव्हता.

मग केसांचा कायदा आला. कोण कुठं राहिलं ते आता केस तपासून बघणार.

त्याचं शास्त्र मला हर्षदानंच समजावलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. जेवणाच्या टेबलावर तिनं पाण्याचा तांब्या ठेवला.

"आत्ती, हे पाणी सगळं सारखं दिसतं, पण यात थोडं जड पाणी असतं. चवीत कळत नाही, वजनात कळतं. समुद्रावरून ढग उठला की पहिल्या पावसात जड पाणी जास्त पडतं. हलकं पाणी ढगात बसून पुढं जातं. डोंगर ओलांडून, हजार मैल आत, आपल्या सस्कॅचेवानपर्यंत ढग येतो तेव्हा त्यात बहुतेक हलकंच उरलेलं असतं. म्हणून प्रत्येक गावच्या पाण्याचं वजन वेगळं."

"बरं मग? पाणी पिऊन माणूस मुततो की."

"सगळं नाही जात. थोडं केसाच्या मुळाशी जातं आणि केसाचा भाग होऊन बसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एकदा वाढला की त्यात बदल नाही. म्हणजे मुळापासून मोजत गेलं की प्रत्येक सेंटिमीटरला त्या महिन्यात माणूस कुठलं पाणी पीत होता ते निघतं. खाल्लेल्या अन्नाचा फरक यंत्र वेगळा काढतं."

तिनं वेणी पुढं घेतली. कमरेखाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी. मधोमध एका जागी तिनं चिमूट धरली आणि दुसऱ्या हातानं सहा बोटं खाली मोजली.

"ही इथून इथपर्यंत मिरज. माझी आई मरत होती तेवढी."

विश्वजितनं आपसूक आपल्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस. पुरुषांचा पुरावा न्हावी दर महिन्याला झाडून टाकतो. बायकांचा पाठीवर लोंबत असतो.

सप्टेंबरात हर्षदाच्या नावानं पत्र आलं. एक्केचाळीस सालच्या माहितीवर ज्यांना नागरिकत्व मिळालं त्यांची फेरतपासणी आहे, तीन आठवड्यांत केसाचा नमुना द्यावा. माहिती खोटी निघाली तर नागरिकत्व रद्द, साठ दिवसांत देश सोडावा लागेल. रेवा इथं जन्मलेली, तिला कुणी हात लावणार नव्हतं. म्हणजे लेक इथं आणि आई तिकडं.

विश्वजित पत्र हातात घेऊन उभाच राहिला. मी म्हणाले, "बालाजीचा नवस होता म्हणायचं. तुझ्या पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी बोललो होतो. केस दिले देवाला."

"कुणी दिले?"

"तुझ्या बायकोनं. मशीन आहे ना तुझं, दाढीचं?"

हर्षदा माझ्याकडं बघत राहिली. "अजून एक खोटं, आत्ती?"

"पहिलं झाकायला दुसरं लागतंच. लेक सोडून जाणार आहेस का?"

शनिवारी सकाळी, स्वच्छ उन्हात, बाथरूममध्ये स्टुलावर ती बसली. विश्वजितला मशीन लावायला जमेना, तर तिनंच त्याच्या हातातून मशीन घेतलं आणि कपाळापासून मागं पहिला पट्टा स्वतः काढला. मी उशीचा अभ्रा धरून उभी होते. नवरा जिवंत, हातात बांगड्या, आणि डोकं पाटीसारखं कोरं. मला तिच्याकडं बघवेना म्हणून मी अभ्र्याकडं बघत राहिले.

"हे केस मी तळ्यात सोडून येते," मी म्हणाले.

आणि गेलेही. वस्काना तळ्याच्या काठावर बाकड्यावर बसले, अभ्र्यात हात घातला. एवढे केस! रेशमाच्या लडी. असे केस पाण्यात टाकणं म्हणजे दुभती म्हैस कसायाला देणं. माझ्या डोक्यावर तेव्हा उंदराच्या शेपटीएवढे उरले होते आणि चारचौघांत मी नायलॉनचं गंगावन लावून अंबाडा घालत होते. ज्या बाईचा अंबाडा मोठा तिचा शब्द मोठा, असं आमच्या घरात होतं. मंडळात बायका विचारायच्या, काकू, या वयात केस एवढे कसे? मी सांगायचे, तासगावचं पाणी.

अभ्रा रिकामा दिसावा म्हणून तो उलटा करून झटकला आणि केस पदरात बांधून घरी आणले. आठवडाभर, सगळे बाहेर गेले की, दार लावून एकेक बट दोऱ्यात ओवली. असलं गंगावन तासगावच्या बाजारात कुणी बघितलं नसेल.

केस नाहीत म्हटल्यावर कचेरीतली माणसं हर्षदाला सोडून देतील असं मला वाटलं होतं. पण नवस बोललेल्या बायका त्या महिन्यात फार निघाल्या. कचेरीनं कळवलं की अधिकारी घरी येईल. कंगवे, उशा, गाद्या तपासेल. आम्ही कंगवे टाकले, गालिचा दोनदा झाडून काढला, न्हाणीघराच्या जाळ्या सोड्यानं उकळल्या.

गुरुवारी सकाळी दहाला अधिकारी बाई आली. ओक्साना कोवालचुक, पन्नाशीची, उंच, गुडघ्यापर्यंत बूट. दारातच बूट काढले, म्हणून मला ती बरी वाटली. तिच्याकडं एक दुभाषी डबी होती. ती इंग्रजी बोलायची आणि डबी मराठी. मराठीही कसली, पुण्याच्या मास्तरीण बाईची.

मी इरकल नेसले होते. सरकारी माणूस घरी येणार, सुनेचं डोकं तसं, मग घराची शोभा कुणी राखायची? गंगावन लावून नारळाएवढा अंबाडा घातला होता. हर्षदानं सकाळी तो बघितला होता, नायलॉनचंच समजली.

बाईनं घर पालथं घातलं. उशा उसवल्या, झाडणीच्या यंत्राची पिशवी उलटी केली. रेवाचा एक आखूड केस निघाला, बाकी काही नाही. मी चहा टाकला. हर्षदाच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

चहा संपवून बाईनं हातमोजे बदलले. डबी म्हणाली, "आता कुटुंबातील अन्य प्रौढ सदस्यांचे नमुने. अर्ज एकत्रित होता, त्यामुळे हे क्रमप्राप्त आहे."

"अन्य म्हणजे?"

"आपण."

बाई उठून माझ्या मागं आली. तिची बोटं अंबाड्याकडं येताना मला दिसली नाहीत, पण मानेला कळली. एका क्षणात सगळं कळेल, हाताला दोरा लागेल, अंबाडा तिच्या हातात येईल, पोराच्या, सुनेच्या, त्या मास्तरीण डबीच्या समोर. मला तेवढंच सुचलं. देवा शपथ, तेवढंच.

"डोक्याला हात लावू नका. पूजा झालीय माझी. मीच देते."

आणि मी अंबाड्यातून एक लांब केस बोटानं ओढून बाहेर काढला, आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो कात्रीनं कापून घेतला.

यंत्र भाताच्या कुकरएवढं होतं. केसाचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे आत एकेक जळत होते आणि पडद्यावर एकेक रेघ उमटत होती. वीस मिनिटं लागतात, ती म्हणाली. पहिली रेघ निळी. निळं म्हणजे इथलं हलकं पाणी. दुसरी निळी. तिसरी. मी डबीकडं बघून मनात म्हणत होते, बघ गं, मालन जमदाडेनं सात वर्षं कुठं पाय टाकला नाही.

सत्तेचाळिसावी निळी. अठ्ठेचाळिसावी नारिंगी उमटली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की हा केस माझा नाही.

नारिंगी. नारिंगी. मी रेघा मोजू लागले. हर्षदा पडद्याकडं बघत होती, मग तिची नजर हळूहळू माझ्या अंबाड्यावर आली आणि तिथंच थांबली. तिचा हात तिच्या बोडक्या डोक्यावर गेला. तिला कळलं. विश्वजितला अजून कळलं नव्हतं, तो पुटपुटला, "आई, तू कधी गेली होतीस?" अकराव्या नारिंगीनंतर पुन्हा निळी आली. निळ्या लुगड्याला मधेच कुणी नारिंगी पट्टा जोडावा तसं दिसत होतं.

कोवालचुक बाईनं चश्मा काढला. "हा केस आपलाच आहे ना?" डबीनं विचारलं.

नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कुणाचा? विकतचा म्हणावं, तर विकतच्या केसात पुढचेमागचे महिने रेजायनाचं पाणी कुठून आलं? पुढं-मागं रेजायना आणि मधे अकरा महिने तिकडचं पाणी, असा केस या घरातच वाढलेला असणार, आणि या घरात बोडकं डोकं एकच होतं. त्या यंत्राला कुणाचा केस ते कळत नव्हतं, कुठला केस तेवढंच कळत होतं. मिरज आणि तासगावात तर त्याला काहीच फरक दिसत नव्हता.

हर्षदानं तोंड उघडलं. "ऑफिसर, तो केस—"

"तू मधे बोलू नकोस!" मी असं ओरडले की डबीनं भाषांतरच केलं नाही. "माझा नाही तर कुणाचा? माझ्या डोक्यावर काय शेजारणीचं पीक येतं? गेले होते मी. तासगावला. अकरा महिने. घर पडायला आलं होतं तिथलं. कुणाला विचारून जाऊ?"

बाई माझ्या भांगाकडं बघत होती. तिथं बोटभर पांढरं दिसत असणार.

"केस काळा आहे," डबी म्हणाली.

"कलप लावते. लिहून घ्या, तोही गुन्हा असेल तर."

तिनं लिहून घेतलं. माझ्या नावाचा कागद माझ्यापुढं ठेवला. चौदा दिवसांनी कचेरीत सुनावणी. जाताना दारात बूट घालत ती बराच वेळ वाकून राहिली. नाडी नसलेल्या बुटाला एवढा वेळ कशाला लागतो?

ती गेली आणि मी गंगावन सोडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. विश्वजितला तेव्हा कळलं. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

"तळ्यात सोडले म्हणालात," हर्षदा म्हणाली.

"जीव झाला नाही. चांगले केस होते."

"चांगले केस होते!" ती हसली, आणि ते हसू मला तिच्या सगळ्या गप्प बसण्यापेक्षा लागलं. "मी उद्या जाऊन खरं सांगते. माझी आई, माझे अकरा महिने, माझी सही. तुमचे उपकार नकोत मला."

"उपकार कसले? खोटं कुणाचं होतं? लिही म्हणून कोण म्हणालं?"

"तरी सही माझी आहे."

"रेवाला सोडून जाशील?"

"तुम्ही जाल?"

"मी तिची आजी आहे. आज्या जातातच कधी ना कधी."

"आत्ती, प्रत्येक वेळी तुम्हीच ठरवायचं. मी कधी जायचं, कधी यायचं, काय लिहायचं, केस ठेवायचे का नाही. आता माझ्या आईचे अकरा महिनेसुद्धा तुम्ही तुमच्या नावावर केले. ती कशानं गेली हे तरी विचारलंत का कधी? शेवटी काय म्हणाली, काय खावंसं वाटलं तिला? 'तिकीट काढलंस का', एवढंच विचारलंत."

मी ओट्यावरच्या केसांची गुंतलेली बट सोडवायला लागले.

विश्वजित म्हणाला, "हर्षदा, तू सांगितलंस तर दोघींचंही जाईल. आईनं अधिकाऱ्यासमोर खोटं सांगितलंय आता."

तिनं ओट्यावरचे ते केस उचलले. ते घेऊन मागच्या अंगणात गेली. मीही गेले. विश्वजितच्या कोळशाच्या शेगडीत तिनं गंगावन ठेवलं आणि काडी लावली. जळक्या केसांचा वास शेजारी जाऊ लागला तशी डोरीननं खिडकी उघडून विचारलं, काय जळतंय?

"ओल्ड थिंग," मी म्हणाले.

चौदा दिवसांनी मी एकटीच गेले. बसनं गेले, माझ्याच थांब्यावरून. शेगडीखाली दोन पोरी उभ्या होत्या. मला जागा करून दिली.

कोवालचुक बाईच्या खोलीत ती, मी आणि डबी. माझ्या डोक्यावर सुपारीएवढा अंबाडा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी असल्या डोक्यानं चारचौघांत गेले होते. पदर घ्यावा असं दहादा वाटलं, घेतला नाही.

बाईनं माझ्याकडं बघितलं. "आज अंबाडा लहान आहे," डबी म्हणाली.

"थंडीनं आकसला."

डबीला ते जमलं का माहीत नाही, पण बाईच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिनं ड्रॉवरमधून कात्री काढून टेबलावर ठेवली.

"मी आपल्या डोक्यावरून, मुळापासून एक केस मागू शकते. वीस मिनिटांत सगळं स्पष्ट होईल. मागू का?"

कात्री आमच्या दोघींच्या मधे पडून होती. मागितला असता तर माझ्या केसात सगळं निळंच निघालं असतं. मी सुटले असते. आणि पुढच्या पाच मिनिटांत हर्षदाचं नाव पुकारलं असतं.

"नका मागू."

"का?"

"तुम्हाला सासू होती का?"

डबी बोलली. बाईनं पेन खाली ठेवलं. "होती."

"मग नका मागू."

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मग हळू, तुटक बोलायला लागली, डबी मागून येत होती. तिची पणजी युक्रेनमधून इथं आली तेव्हा रुमालात बी बांधून आली होती. बंदरावर विचारलं तर नाही म्हणाली. "आमच्या घरात ती गोष्ट अभिमानानं सांगतात," बाई म्हणाली. "मी या खात्यात आल्यापासून सांगायची बंद केली."

मग तिनं कागद पुढं सरकवला. दोन रस्ते होते. चौकशी लावली तर घरातल्या प्रत्येकाची जुनी फाईल उघडणार. मी स्वतःहून नागरिकत्व सोडलं तर विषय तिथंच संपणार, फाईल बंद, पुन्हा कुणाला नमुना नाही. पण एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली. भारताचं नागरिकत्व मी शपथेच्या वेळी सोडलं होतं. ते परत मिळायला सहा-सात महिने लागतील. तोवर प्रवासाचा एक कागद मिळेल, त्यावर देशाच्या रकान्यात काही नसेल.

"काही नसेल म्हणजे?"

"रेघ असेल."

नवरा गेला तेव्हाही मी कुणाची तरी होते, तासगावची होते, जमदाड्यांची होते. रेघेची कशी होऊ?

"सही मराठीत चालेल?" मी विचारलं.

"चालेल."

मी मालन जमदाडे लिहिलं. शपथेच्या दिवशी लिहिलं होतं तसंच, मोठ्या अक्षरात, काना मात्रा नीट देऊन. बाई उठून उभी राहिली आणि मी दाराबाहेर जाईपर्यंत बसली नाही.

विमानतळावर विश्वजित रडला, रेवा रडली. हर्षदा रडली नाही. माझी पिशवी तिनं शेवटपर्यंत सोडली नाही, एवढंच.

तासगावात सात महिने मी रेघेवर काढले. बँकवाला विचारायचा, रेशनवाला विचारायचा, काकू, तुमचा देश कोणता? मी म्हणायचे, चौकशी चालू आहे. मग कागद आला. आता मी पुन्हा इथली आहे. माझ्या शेपटीच्या मुळाशी वर्षाचं तासगाव आहे आणि खाली टोकापर्यंत सगळं रेजायना. मी ती कापत नाही. कापली की संपलं.

गेल्या महिन्यात हर्षदा आली, रेवाला घेऊन. तीन आठवड्यांसाठी म्हणाली होती. पहिल्या दिवशी रेवा शेजारच्या पोरींबरोबर बेदाण्याच्या शेडवर पळाली आणि आम्ही दोघीच राहिलो. हर्षदाचे केस कानाखाली आले होते, बारा-तेरा सेंटिमीटर. ती माझ्यापुढं पाटावर येऊन बसली, पाठ करून. लग्नानंतर अशी कधी बसली नव्हती.

मी तेल कोमट केलं. टाळूवर घातलं आणि बोटं फिरवू लागले.

"तिकीट कधीचं आहे?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"पुढं ढकललं, आत्ती. शाळेतून दोन महिन्यांची रजा घेतलीय. आता आम्हाला बाहेर किती राहायचं याचं बंधन नाही."

"विश्वजित काय म्हणाला?"

"स्वयंपाक शिकतोय."

मी तेल जिरवत राहिले. मानेपाशी पोचले. जे विचारायचं होतं ते पाच वर्षं राहून गेलं होतं.

"तुझ्या आईला," मी म्हणाले, "शेवटी काय खावंसं वाटलं गं?"

तिचे खांदे थांबले. मग मागं न बघता म्हणाली, "सांगते. पण सगळं सांगायचं म्हणजे फार लांबण आहे, आत्ती."

मी तेलाची वाटी जवळ ओढली.

"सांग. दोन सेंटिमीटर आहेत आपल्याकडं."